ऐच्छिक संच

मल्लखांबाच्या स्पर्धेत दोन प्रकारचे संच असतात, अनिवार्य आणि ऐच्छिक. अनिवार्य संचातल्या पकडी, आसनं, उतरणं सगळं ठरलेलं. नाशिकची मुलगी असो, उज्जैनची असो की आमच्या बडोद्याची, सगळ्यांनी तेच आणि त्याच क्रमाने करून दाखवायचं. ऐच्छिक संच मात्र ज्याचा त्याने बांधायचा. पण पुष्कळ ठिकाणी तोही शिकवणाराच बांधून देतो आणि मुलं घोकतात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. कुठला प्रकार अवघड धरला जातो, कशानंतर काय घेतलं की दम पुरतो, हे मोठ्यांना जास्त कळतं, आणि स्पर्धा तर तोंडावर आलेली असते.

मी ऐच्छिक संच बांधून देत नाही. यावरून पालक माझ्याशी भांडले आहेत, बरोबरीने शिकवणाऱ्यांनी माझी समजूत घालून पाहिली आहे. गेल्या महिन्यात पुन्हा तोच विषय निघाला, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

दिवसा मी बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी बाबाजीपुऱ्यातल्या एका व्यायामशाळेत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. मुली निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. एकमेकींशी गुजरातीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि दोरीवर लटकल्यावर जी सुचेल त्या भाषेत. सगळ्याच मला ताई म्हणतात.

स्पर्धेच्या आधी आमच्याकडे एक वही फिरते. खिडकीशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली लांब वही. प्रत्येकीला त्यात दोन पानं. डाव्या पानावर तिने आपला संच लिहायचा, उजवं पान माझं. पण माझ्या पानावर मला फक्त प्रश्न लिहायची परवानगी आहे, हा नियम मीच घालून घेतला आहे. 'इथून पुढे जाताना उजवा पाय कुठे असेल?' 'या आसनात श्वास कधी घेणार?' 'हे शेवटी ठेवलंस, तेव्हा हातात ताकद किती उरलेली असेल?' असे. 'हे काढून टाक' असं लिहायचं नाही. मुलींची अक्षरं निरनिराळी. कुणी आसनांची नावं मराठीत लिहितं, कुणी गुजराती लिपीत, आणि पाचवीतली एक मुलगी तर फक्त काड्यांची माणसं काढते. दोरीची उभी रेघ आणि तिला बिलगलेलं काडीचं माणूस. तिच्या पानावर मीही प्रश्न चित्रातच विचारते.

संच बांधायचा म्हणजे आधी प्रकार माहीत हवेत. ते काम माझं. जितके येतात तितके सगळे मी शिकवते, मला आवडणारे आणि न आवडणारेही. शिवाय बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी काढलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशातली मल्लखांबाची पानं आहेत, त्यांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. मुली त्या चाळतात. वेताचा मल्लखांब त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिला. पूर्वी दोरीच्या जागी वेत टांगलेला असे, चांगले वेत मिळेनासे झाले तेव्हा दोरी आली. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नव्याने रूप दिलं, त्यानंतर शिकवणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यात आपापली भर घातली. आज ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा करून पाहिलेलं असतं, आणि करून पाहताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्याला थांबवलेलं नसतं.

आता ज्या गोष्टींवर माझ्याशी घासाघीस चालत नाही, त्या सांगते. गादी अंथरल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले, गळ्यात साखळी नाही, पायात पैंजण नाहीत. सुरुवातीला नमस्कार, शेवटी नमस्कार. मोठं माणूस हजर नसताना कुणी वर चढायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चढायच्या आधी उतरायला शिकायचं. नवीन मुलगी आली की ती बराच काळ नुसती छातीइतक्या उंचीवरून खाली येत राहते. हातावर हात, घसरायचं नाही, घसरलं की तळवे सोलवटतात. आयांना वाटतं, ही कधी वर जाणार? पण जिला कुठूनही खाली येता येतं, तिलाच वर गेल्यावर 'मला नको' म्हणता येतं. जिला उतरताच येत नाही, तिला वर गेल्यावर माझ्या हुकमाखेरीज दुसरा आधार उरत नाही.

'मला नको' याला आमच्याकडे जागा आहे. कुणीही, कधीही म्हणू शकतं, 'ताई, आज नाही.' गुजराती मुली म्हणतात, 'आजे नहीं.' कारण विचारायचं नाही. मीही नाही आणि इतर मुलींनीही नाही. मात्र तेवढा वेळ बसून राहायचं नाही, जमिनीवरचा व्यायाम करायचा. गेल्या महिन्यात ज्यावरून विषय निघाला ते हेच. एका मुलीने लागोपाठ पुष्कळ दिवस 'आज नाही' म्हटलं. हात सोडून उलटं लटकायचा प्रकार होता. तिचे वडील दारात उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, "ताई, तुम्ही ढकललंत तर ती करेल. मुलांना काय कळतं? आम्हालाही आमच्या वडिलांनी ढकललंच ना. ढकललं नसतं तर आम्ही शाळेत तरी गेलो असतो का?"

माणूस प्रामाणिक होता आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. बडोद्यात राहून या प्रश्नाला बगल देताच येत नाही, कारण या शहराची घडण ज्या राजाने केली त्याने ढकललं होतं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती सगळ्या संस्थानात लागू केली. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. 'तुमची मर्जी' म्हणून ते गप्प बसले असते, तर आमच्या आज्या-पणज्यांपैकी किती जणी अक्षर शिकल्या असत्या?

पण त्याच सयाजीरावांनी पुढे ग्रंथालयांचं काय केलं ते पाहा. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. तिथे सक्ती नव्हती. गावाने आपणहून काही रक्कम उभी केली की वर सरकारी भर मिळायची. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. पेटीतलं कुठलं पुस्तक उचलायचं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. वाचता येणं अनिवार्य, काय वाचायचं ते ऐच्छिक. सक्ती होती ती पालकांवर, मुलाच्या हातात काहीतरी येईपर्यंत. ते हातात आल्यावर राजा बाजूला झाला. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय अजून आहे. माझ्या आईने तिथून आणलेल्या कादंबऱ्या वाचत मी मोठी झाले.

तर त्या वडिलांना मी म्हटलं, दादा, ढकलायचं तिथे मी ढकलते. अनिवार्य संचातलं एकही आसन तुमची मुलगी टाळत नाही, विचारा तिला. जमिनीवरची ताकद, उतरणं, पकड, यात 'आज नाही' चालत नाही. पण दोन्ही हात सोडण्याचा क्षण तिचा आहे. तिथे मी ढकललं तर ती माझ्या भीतीने हात सोडेल, आणि भीतीने सोडलेले हात परत दोरी पकडायला उशीर करतात. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. मुलीला त्यांनी काढलं मात्र नाही.

तो क्षण नेमका कसा असतो ते सांगते, कारण पालकांना तो दारातून दिसत नाही. दोरी मांडीला वेढा घेऊन पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरलेली असते. गाठ मारायची मुभा नाही, सगळा भार त्या वेढ्यावर आणि त्या दोन बोटांवर. मुलगी उलटी झाली की पहिल्यांदा अंगठा पांढरा पडतो. मग पोटरी थरथरते. मग श्वास अडतो. हात अजून दोरीला घट्ट. अशा वेळी माझा तळहात तिच्या पाठीखाली असतो, पण टेकवलेला नसतो. मध्ये चार बोटांचं अंतर. टेकवला तर ती माझ्या हातावर भार टाकते आणि तिचा तोल तिला सापडतच नाही. फार लांब ठेवला तर मी वेळेवर पोचत नाही. ते चार बोटांचं अंतर सांभाळणं, हे माझ्या शिकवण्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे. खांदा भरून येतो, आणि तोंडाने काही बोलायचं नसतं. 'सोड, सोड' असं सगळ्यांनी ओरडायची जुनी सवय होती, ती आम्ही बंद केली. आता ती सोडेपर्यंत शांतता असते. अंगठ्याचा रंग परत आला की समजावं, वेढा बसला आहे. पोटरी थांबते. आणि मग एक हात सुटतो. त्या मुलीचा गेल्या आठवड्यात सुटला. दुसरा अजून सुटायचा आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर कुणी विचारेल, मग हुकूम कुठेच नाही का? आहे, मनोऱ्यात आहे. एकाच खांबावर किंवा शेजारच्या दोऱ्यांवर पुष्कळ मुलं एकदम चढून आकृती करतात, तिथे शिटीच चालते. एकीने आपल्या मर्जीने हात हलवला तर दुसरी पडेल. बडोद्याला तर सांघिक व्यायामाचा मोठा वारसा आहे. राजरत्न माणिकरावांनी इंग्रजी कवायतीच्या जागी आपल्या भाषेतल्या आज्ञा घडवल्या आणि मोठमोठ्या पथकांना एका हुकमावर व्यायाम करायला लावला. पारतंत्र्यातल्या माणसांना एकत्र उभं राहायची सवय लागावी, म्हणून ती शिस्त होती. मला तिचा आदर आहे. माझे शिकवणारे त्याच वळणाचे होते, आणि ताठ उभं राहायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

मनोऱ्यात मात्र मी एक गोष्ट ठरवून घातली आहे. वर चढायचा हुकूम माझा. पण उतरायचा हुकूम सगळ्यांत खालच्या मुलीलाही देता येतो. जिच्या खांद्यावर भार आहे तिने 'उतरा' म्हटलं की मनोरा उतरतो. समोर पाहुणे बसलेले असोत, छायाचित्र काढायचं बाकी असो, मी शिटी तोंडात धरलेली असो. भार किती झाला ते खालच्या मुलीलाच कळतं, मला समोरून दिसत नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, आता मुली सारख्या 'उतरा' म्हणत बसतील. तसं झालं नाही. उलट खालच्या मुली जास्त वेळ टिकू लागल्या. आपण म्हटलं की थांबेल, हे माहीत असल्यावर माणूस बराच भार घेतो.

यातला सगळ्यांत किचकट भाग अजून राहिलाय. तो म्हणजे मधली फळी. मी दोन दोऱ्यांखाली एकदम उभी राहू शकत नाही, म्हणून नववी-दहावीतल्या मुली लहानग्यांना शिकवतात. मी कितीही मोकळीक दिली, तरी ती या मुलींच्या हातून खाली जाते. आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात अधिकार आला की पहिल्यांदा काय होतं? लहान मुली तिची पाण्याची बाटली भरून आणायला लागतात, तिची गादी ओढायला लागतात. 'आज नाही' म्हणणारीला 'घाबरट' म्हटलं जातं, माझी पाठ वळल्यावर.

थंडीत रविवारी सकाळी आम्ही कमाटी बागेत धावायला जातो. तिथे ते वडाचं झाड आहे, संकल्पभूमी. एकदा धावून झाल्यावर तिथेच बसलो होतो आणि एका मुलीने विचारलं, बाबासाहेब इथे का बसले होते? मी सांगितलं. १९१३ साली सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करारानुसार १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर आले. राजाने बोलावलेला, एवढा शिकलेला माणूस. पण कचेरीतले शिपाई कागद त्यांच्या हातात न देता लांबून फेकत. शहरात राहायला कुणी जागा देईना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी ते या बागेत येऊन बसले आणि मग बडोदं सोडून गेले. मुली गप्प होत्या. मग आठवीतल्या एकीने विचारलं, "पण राजा तर त्यांच्या बाजूने होता ना? मग त्याने सगळ्यांना सांगितलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या मुलींना देता आलं नाही, आणि सयाजीरावांबद्दलचा माझा आदर त्याने कमीही झाला नाही. पण वर बसलेल्याचं मन मोठं असून भागत नाही, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं. शिपायाच्या हातातला कागद कसा दिला जातो, तिथपर्यंत त्याने पोचायला हवं. जातीने चिरडलेल्या माणसाच्या अपमानाची आणि आमच्या पाण्याच्या बाटलीची बरोबरी मी करत नाहीये, ती होऊच शकत नाही. पण मी कुठे लक्ष ठेवायचं ते मला तिथून कळलं.

त्यानंतर मोठ्या मुलींचं काम आम्ही नव्याने ठरवलं, त्यांच्याच बरोबर बसून. मोठ्या मुलीने शिक्षा द्यायची नाही, उठाबशासुद्धा नाहीत. तिचं काम खाली उभं राहायचं, चार बोटांचं अंतर ठेवून. आपल्या खाली कुणी उभं राहायचं ते लहान मुलीने निवडायचं. हा शेवटचा नियम मोठ्यांना झोंबला. एकीला कुणीच निवडेना. ती सगळ्यांत चांगली खेळाडू, राज्यस्तरावर खेळलेली. दोन आठवडे ती एकटी भिंतीशी सराव करत राहिली. मी मध्ये पडले नाही, पण रोज जाताना तिच्याशी बोलत होते. मग ती आपणहून सगळ्यांत नवीन मुलीशेजारी जमिनीवर बसून पायाच्या बोटांचे व्यायाम करायला लागली. आता तिच्या दोरीखाली रांग असते.

ऐच्छिक संचाकडे परत येते. एका मुलीने या वर्षी संचात टाळी घातली आहे. नवरात्रात गरबा खेळून आलेली, तीन टाळीचा ठेका अंगात भिनलेला. उलटं लटकून दोन्ही हात सोडायचे आणि डोक्याखाली टाळी वाजवायची. मला स्वतःला ते रुचलं नाही. आसन स्थिर असावं, असं माझ्यावरचे संस्कार सांगतात. वहीत मी प्रश्न लिहिला, 'टाळीने संचाचा प्रवाह तुटला असं परीक्षकांना वाटलं तर?' तिने खाली गुजरातीत लिहिलं, गुण गेले तर जाऊ देत, पण टाळी राहील. मी तिला गुणांचं सगळं गणित नीट समजावून सांगितलं. ते सांगणं माझं कर्तव्य होतं, अर्धवट माहितीवर निवडायला लावणं म्हणजे फसवणूक. वेढा सुरक्षित आहे की नाही ते स्वतः खाली उभं राहून अनेकदा पाहिलं. आहे. मग माझं म्हणणं संपलं.

काही मुली सोडूनही जातात. एक भरतनाट्यम शिकायला गेली, एक दुसऱ्या प्रशिक्षकांकडे. दुसरीकडे जाणारीला मी वहीतली तिची दोन पानं फाडून दिली. संच तिने बांधलेला, तो तिच्याबरोबर गेला पाहिजे. माझ्या प्रश्नांचं पानही दिलं, नव्या सरांना उपयोगी पडेल म्हणून. बरोबरीच्या मंडळींना हे अजिबात पटलं नाही. आपण घडवायचं आणि दुसऱ्याच्या नावावर पदक जायचं, असं एकजण म्हणाले. त्यांचं दुःख मला कळतं. वर्षानुवर्षं संध्याकाळ देणाऱ्या माणसाला तेवढंही वाटू नये असं कसं म्हणू? पण मुलीच्या अंगात उतरलेलं कसब माझ्या नावावर चढवायला ती काही माझ्या बँकेतलं खातं नाही.

जिल्हा स्पर्धेची नावं पुढच्या सोमवारी द्यायची आहेत. चार मुलींनी स्पर्धेला नाही म्हटलं आहे, त्यांची नावं जाणार नाहीत. त्यांच्यापैकी दोघींनी मनोऱ्याची नवी आकृती काढून आणली आहे. खालच्या ओळीत एक मुलगी कमी पडते आहे असं मला वाटतं. उजव्या पानावर तसा प्रश्न लिहिला आहे, उत्तर यायचं आहे.